निरवांगीच्या अलीकडे थांबलेली गाडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख आदरणीय बापूसाहेब रासकर. व्यासपीठावरील सर्व विश्वस्त. गाड्यांच्या दुरुस्तीत ज्यांची हयात गेली आणि जे आज दुकान बंद ठेवून इंदापूरहून आले ते सावळाराम मिस्त्री. आजचे सत्कारमूर्ती श्री. ज्ञानदेव मखरे, त्यांच्या शेजारी, "मला खालीच बसू द्या" म्हणत म्हणत अखेर खुर्चीवर बसलेल्या अक्काबाई, माझ्या जुन्या सहकारी जयवंता सिस्टर, आणि बावडा, निरवांगी व आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

बापूसाहेबांचं पत्र मला पुण्याला मिळालं. "ज्ञानदेव मखरे एकतीस मे रोजी सेवानिवृत्त होत आहेत, आपण सतरा वर्षं इथे वैद्यकीय अधिकारी होता, तेव्हा आपण दोन शब्द बोलावेत," असं त्यात होतं. दोन शब्दांत माझं भागणार नाही, हे मी त्यांना आधीच कळवलं आहे. माझ्यासमोर आत्ता एक चिठ्ठी ठेवली आहे, तीवर "वेळ पाच मिनिटे" असं लिहिलंय. अध्यक्षमहोदय, ती मर्यादा मी पाळणार नाही. जेवण थोडं थंड होईल. त्याबद्दल आचाऱ्यांची आत्ताच माफी मागते.

ज्ञानदेवराव या रुग्णालयात आले शहात्तर साली. त्याआधी ते आणि सावळाराम इंदापुरात एकाच गॅरेजात कामाला होते. म्हणजे मुळात ते मिस्त्री, ड्रायव्हर नंतर झाले. आपली गाडी तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. एकाहत्तर सालची पांढरी अँबॅसिडर, एका देणगीदारांनी वापरून झाल्यावर संस्थेला दिलेली. मागची सीट काढून तिथे फळी बसवली, दारावर लाल खूण काढली, आणि ती रुग्णवाहिका झाली. त्या फळीवर माझ्या माहितीत सात मुलं जन्मली. त्यातला एकजण आत्ता तिकडे खांबाला टेकून उभा आहे. लाजू नकोस रे, तुझा काही दोष नव्हता, तुलाच घाई होती.

ज्ञानदेवराव रोज संध्याकाळी गाडीची वही लिहीत. किती किलोमीटर, कुठे, कुणाला घेऊन, आणि शेवटी गाडीची तब्येत. "आज ब्रेक बरा." "आज डाव्या चाकात आवाज." अक्षर टपोरं, शब्द मोजके. ती वही माझ्या टेबलावर सहीसाठी येई. मी सही करी. वाचत नसे. आजच्या भाषणातली ही पहिली कबुली.

आता मुद्द्यावर येते.

चौऱ्याण्णव सालच्या मार्च महिन्यात गाडीला एक विचित्र दुखणं लागलं. गावात, आसपासच्या वस्त्यांवर ती छान चाले. पण बारामतीच्या रस्त्याला लागली, पंधरा-सतरा किलोमीटर झाले, की तिची ओढ कमी होई. आधी धक्के देई, मग खोकल्यासारखं करी आणि थांबे. वीस मिनिटं उभी केली की जणू काही झालंच नव्हतं, अशी चालू होई.

पहिल्यांदा ती थांबली तेव्हा मी स्वतः तीत नव्हते. औषधांची खोकी आणायला ज्ञानदेवराव एकटेच निघाले होते. दुसऱ्यांदा पाय मोडलेला एक म्हातारा गाडीत होता. दोन्ही वेळा गाडी थांबली ती निरवांगीच्या अलीकडे, साधारण एकाच ठिकाणी. आणि निरवांगीत कोण राहतं? ज्ञानदेवरावांची लेक अंजली. तिथल्या म्हस्कू तात्यांची ती सून. तात्या आणि ज्ञानदेवराव लहानपणापासूनचे दोस्त, त्या दोस्तीतूनच हे लग्न जमलं होतं. दुसऱ्या वेळी गाडी थांबली तेव्हा अंजलीच्या घरून त्या म्हाताऱ्याला चहा आला. चांगल्या मनानं आला. पण चहाची बातमी गाडीच्या आधी बावड्यात पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानदेवराव माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. टोपी हातात.

"बाई, गाडीला पेट्रोल पुरत न्हाय. दाब कमी पडतोय. दोन दिस गाडी माझ्या ताब्यात द्या. टाकीपास्नं इंजनापत्तूर एकेक जागा तपासतो."

मी म्हटलं, "ज्ञानदेव, बारामतीच्या गॅरेजमध्ये नवा पंप बसवून आणलाय ना? ते सांगतात, दाब व्यवस्थित आहे."

"व्हय, पर त्यांनी उभ्या गाडीत बघितलाय. उभ्या गाडीला पेट्रोल लागतंय किती? रस्त्याला वढ बसली की मग कमी पडतंय. चालत्या गाडीत बघाय पायजे."

आता बघा, मी डॉक्टर. झोपलेल्या माणसाची नाडी ठीक लागते, आणि जिना चढला की त्याला धाप लागते, हे मला शिकवायला कुणी नको होतं. तरी मी त्यांचं बोलणं तिथेच तोडलं. "आपल्याकडे एकच गाडी आहे. दोन दिवस मी ती देऊ शकत नाही," असं सांगून टाकलं.

कारण खरं होतं. पण ते एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. चहाची गोष्ट माझ्याही कानावर आली होती.

मग एकोणीस एप्रिल उजाडला. मंगळवार होता.

सकाळी साखरबाईंना बाळंतपणासाठी आणलं. मूल आडवं होतं. आपल्याकडे तेव्हा भूल देणारे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येत, मंगळवारी नाही. शस्त्रक्रिया बारामतीलाच करायला हवी होती. अकराच्या सुमाराला गाडी निघाली. साखरबाई, त्यांची सासू, जयवंता सिस्टर आणि चालवायला ज्ञानदेवराव. निघताना ते मला म्हणाले, "बाई, गाडीचा भरवसा न्हाय. दुसरी बघता का?" दुसरी कुठून बघणार? मी म्हटलं, "तुम्ही नीट चालवा म्हणजे झालं."

गाडी थांबली. कुठे, ते वेगळं सांगत नाही.

पुढचं मला जयवंता सिस्टरांनी सांगितलं. ज्ञानदेवरावांनी एकदा बॉनेट उघडलं, एकदा साखरबाईंकडे बघितलं, आणि बॉनेट तसंच उघडं टाकून ते पळत सुटले. कुणाकडे जाणार? त्या गावात ज्याला हाक मारली असता तो हातातलं काम सोडून येईल, असा माणूस एकच. म्हस्कू तात्या. तात्यांनी शेजारच्या वस्तीवर कांदा भरत असलेली मॅटाडोर थांबवली, स्वतः वर चढून पोती खाली टाकली, खाली गवत पसरलं आणि तीत साखरबाईंना घातलं. अंजलीला तेव्हा सहावा महिना होता. ती कुणाचं न ऐकता मॅटाडोरमध्ये चढली आणि साखरबाईंचं डोकं मांडीवर घेऊन बारामतीपर्यंत गेली.

या सगळ्यात दीड तास गेला. साखरबाई वाचल्या. मूल गेलं. मुलगा होता.

वेळेवर पोचले असते तर तो वाचला असता का? डॉक्टर म्हणून मला याचं नक्की उत्तर देता येत नाही. माणूस म्हणून मी ते चार वर्षं रोज देते आहे.

दोन दिवसांनी विश्वस्त मंडळाची बैठक झाली. ज्ञानदेवरावांना बोलावलं होतं. त्यांनी घडलं ते सांगितलं आणि शेवटी पुन्हा तेच म्हणाले, "आता तरी दोन दिस गाडी द्या. मी दोष शोधून दावतो."

आणि मी, सगळ्यांच्या देखत, त्यांना म्हणाले, "दोन दिवस कशाला? निरवांगीला मुक्काम करायला?"

बैठकीत कुणीतरी हसलं. कोण, ते आता महत्त्वाचं नाही. हसण्यासारखं बोलले मी होते.

ज्ञानदेवरावांनी खिशातून गाडीची किल्ली काढली, टेबलावर ठेवली, "जय भीम" म्हणाले आणि बाहेर गेले. त्या दिवशीच्या इतिवृत्तात लिहिलं गेलं, "वाहनचालक वैयक्तिक कारणासाठी गाडी थांबवतात असे दिसते, सबब त्यांना फाटकावर पहाऱ्याचे काम द्यावे." खाली पहिली सही माझी आहे.

पुष्कळदा मी स्वतःला विचारलं आहे, की दुसऱ्या घरच्या, दुसऱ्या आडनावाच्या माणसाला मी तेच वाक्य इतक्या सहज म्हणाले असते का? पुण्यात वाढले, शिकले, सगळ्या जातीच्या बायांची बाळंतपणं केली, आणि मला वाटायचं की तो प्रश्न माझ्यापुरता कधीच सुटला आहे. उत्तर मी तुम्हाला सांगत नाही. ते मला आवडलेलं नाही, एवढंच सांगते.

ज्ञानदेवराव फाटकावर बसू लागले. कोऱ्हाळ्याचा एक तरुण ड्रायव्हर आला. आणि ज्ञानदेवरावांनी मनाशी एक ठरवलं, ते मला फार उशिरा कळलं. गाडीचा दोष सापडेपर्यंत निरवांगीत पाय ठेवायचा नाही. जुलैत अंजलीला मुलगी झाली. नाव ठेवायच्या दिवशी अक्काबाई एकट्या एस.टी.नं गेल्या. आजोबा फाटकावर.

पावसाळ्यात गाडी जराशी बरी चालली. गार हवेत तिचं दुखणं दबलं असावं. लोक म्हणाले, बघा, ड्रायव्हर बदलला आणि गाडी सुधारली. ते वाक्य फाटकापाशी उभं राहून म्हटलं जाई.

अकरा ऑक्टोबरला मला इंदापूरला जायचं होतं. ऊन कडक होतं. नवा ड्रायव्हर चालवत होता, मी मागच्या फळीवर. पंधरा किलोमीटर झाले असतील. गाडीनं धक्का दिला, खोकली आणि थांबली. मी बाहेर बघितलं. आजूबाजूला ऊस. निरवांगी कुठे? रस्ताच दुसरा, दिशाच दुसरी. तिथे कुणाची लेक नव्हती, कुणाचा चहा येणार नव्हता.

वीस मिनिटं मी त्या उसाच्या कडेला उभी होते. तिथेच मला सगळं कळलं. गाडीला गावाशी काही देणंघेणं नव्हतं, अंतराशी होतं.

मंडळी, खरी लाज वाटण्यासारखा भाग यापुढे आहे. त्या दिवशी परत आल्यावर मी फाटकातून आत गेले. ज्ञानदेवराव उठून उभे राहिले, त्यांनी फाटक उघडलं. मी मान हलवली आणि खोलीत गेले. दुसऱ्या दिवशीही बोलले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. कसं बोलावं याची वाक्यं जुळवत होते म्हणा. पुढच्या बैठकीत बोलू म्हणा. तीन आठवडे असे गेले.

त्या तीन आठवड्यांत म्हस्कू तात्या आजारी पडले. त्यांनी दोनदा निरोप धाडला, "ज्ञानदेवाला म्हणावं, येऊन जा." ज्ञानदेवरावांनी रजेचा अर्ज लिहिला. आपल्या छापील अर्जात एक रकाना असतो, रजेत कुठे जाणार. त्यांनी लिहिलं, निरवांगी. कार्यालयात अर्ज देताना कुणीतरी तो रकाना मोठ्यानं वाचला. ज्ञानदेवरावांनी अर्ज परत मागून घेतला, फाडला आणि जाऊन फाटकावर बसले. चौथ्या दिवशी तात्या गेल्याचा निरोप आला.

त्या वेळी ते निर्दोष आहेत हे मला ठाऊक होतं. फक्त मलाच ठाऊक होतं.

तात्यांचे दिवस झाल्यावर अंजली आली. तीन महिन्यांची पोर काखेत. माझ्या खोलीत आली, खुर्ची दिली तर बसली नाही.

"बाई, माझ्या सासऱ्यांनी चार दिस दाराकडं डोळं लावलं व्हतं. जरा फाटक वाजलं की इचारायचे, ज्ञानदेव आला का. मी काय सांगू त्यास्नी? माझा बाप चोर हाय का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग तुमी म्हणालात ते काय व्हतं?"

पोरीला दुसऱ्या काखेत घेऊन ती म्हणाली, "म्या त्या बाईचं डोकं मांडीवर घिऊन गेले. तिनं सगळ्या वाटंनं माझा हात सोडला न्हाय. तुमी एकदा तरी मला इचारायचं व्हतं, तितं काय झालं म्हणून." आणि ती गेली.

मी उठले आणि फाटकावर गेले. म्हटलं, "ज्ञानदेवराव, तुम्हाला दोन दिवस हवे होते. घ्या." त्यांना 'राव' मी त्या दिवशी पहिल्यांदा लावलं, हेही नोंदवते.

ते उठले. म्हणाले, "दोन न्हाई लागायचं. एक दिस बास. पर एक अट हाय. तुमी सवता शेजारी बसायचं. काटा तुमी वाचायचा आन तुमीच लिवायचा. मी वाचलेलं कोण खरं धरणार?"

दुसऱ्या दिवशी सावळाराम मिस्त्री आपलं दाब मोजायचं गेज घेऊन इंदापूरहून आले. पंपाकडून इंजिनाकडे पेट्रोल जातं त्या वाटेत त्यांनी एक फाटा जोडला, त्याची लांब नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि गेज समोरच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीनं घट्ट बसवलं. पेट्रोल गाडीच्या आत यायला नको म्हणून बाहेरून. मी आतून वाचायचं. मांडीवर वही, हातात पेन, पन्नाशी उलटलेली डॉक्टरीण. सावळाराम, तुम्ही तेव्हा हसू दाबत होता, ते मी बघितलं होतं.

गाडी उभी असताना काटा साडेतीन पौंडांवर. गॅरेजवाल्यांनी हेच बघितलं होतं आणि ते खोटं बोलले नव्हते. मग आम्ही निघालो. कुठल्या रस्त्यानं? ज्ञानदेवरावांनी इंदापूरचा रस्ता धरला. मी म्हटलं, "निरवांगीकडून का नाही?" ते म्हणाले, "तितं न्हाय जायचं अजून."

पाच किलोमीटरला साडेतीन. आठला सव्वातीन. दहाला अडीच. मी मोठ्यानं वाचत होते, लिहीत होते, आणि ज्ञानदेवराव समोर बघून एकाच वेगानं चालवत होते. बाराला दोन. चौदाला सव्वा. गाडी अजून चालत होती, मागच्या फळीवरच्या माणसाला काही कळलंही नसतं, पण काटा खाली खाली येत होता. सोळाला अर्धा. मग धक्का, मग खोकला, मग शांतता.

मी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, "लिवलं का?" मी म्हटलं, "लिहिलं." त्यानंतरच ते खाली उतरले.

आधी मागे जाऊन त्यांनी टाकीचं झाकण उघडलं आणि कान लावला. झाकणाचं हवेचं भोक बुजलं असतं तर उघडताना सूं करून हवा आत गेली असती. आवाज आला नाही. म्हणजे झाकण बरं. मग त्यांनी आणलेल्या डब्यात पेट्रोल ओतलं, डब्यातून नवी नळी थेट पंपाला जोडली आणि इंजिन चालू करून जोरात फिरवलं. काटा साडेतीनवर गेला आणि पंधरा मिनिटं तिथून हलला नाही. म्हणजे पंप चांगला, पुढचं सगळं चांगलं. दोष टाकी आणि पंपाच्या मधे. सावळाराम म्हणाले, "आता मागं सरकायचं." इतकं शांतपणे एकेक गोष्ट निर्दोष ठरवत जाणं मी वैद्यकीत अनेकांना शिकवलं होतं. माणसाच्या बाबतीत मला ते जमलं नव्हतं.

ज्ञानदेवराव गाडीखाली गेले. टाकीजवळ, लोखंडी नळी सुरू होण्याआधी, हातभर लांबीचा एक तुकडा होता, वर चिखल बसलेला, कापडी पट्टी गुंडाळलेला. तो त्यांनी सोडवून बाहेर आणला, पट्टी काढली आणि चाकूनं उभा चिरला. आतून रबर फुगून त्याचा लगदा झाला होता. पंपानं जोर लावून ओढलं की तो लगदा आत मिटायचा आणि वाट बंद. गाडी थांबली, ओढ संपली, की हळूहळू पुन्हा उघडायचा. बाहेरून कुणाला काही दिसलं नसतं.

चिखल पुसल्यावर नळीचा रंग दिसला. लाल.

ती नळी मी ओळखली. आपल्या भांडारातली, एनिमाच्या डब्याला लावतात ती. हसा, हसण्यासारखंच आहे. जानेवारीत टाकीजवळ पेट्रोल ठिबकत होतं, तेव्हा मीच ती काढून दिली होती. ज्ञानदेवराव म्हणाले होते, "बाई, ही पेट्रोलची नळी न्हाय. चार दिस चालंल, मग बदलाय लागंल." मी म्हटलं होतं, "लावा आत्ता." फेब्रुवारीत गाडी मोठ्या दुरुस्तीला बारामतीला गेली तेव्हा यादीत मी "टाकीजवळची नळी बदलणे" असं लिहिलं, यादी परत आली, त्या ओळीपुढे बरोबरची खूण होती. मी ती यादी फायलीत लावली. खाली वाकून कुणी बघितलं नाही.

तो तुकडा हातात घेऊन मी रस्त्यावर उभी होते. ज्ञानदेवरावांना सगळं आठवत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण ते काय म्हणाले? "यादीवरची खूण मी बी बघितली व्हती बाई. मी बी वाकून बघाय पायजे व्हतं. माझी बी चूक हाय."

ज्ञानदेवराव, आज या सगळ्यांसमोर सांगते. त्या चुकीत मी तुम्हाला वाटा देणार नाही. तुम्ही तपासायला वेळ मागितला होता, दोनदा. तो मी दिला नाही.

नवी नळी बसली. परत येताना काटा साडेतीनवर. किल्ली मी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगते. तर ते म्हणाले, "राहू द्या. बारकं गाव हाय. तुमच्या हाताखाली बाया बाळंत व्हत्यात. तुमच्यावरचा इस्वास उडाला तर त्या कुठं जातील? मला कळलं, तुमाला कळलं, बास झालं."

हा त्यांचा मोठेपणा होता, आणि मी तो सोयीनं स्वीकारला. बैठकीत एवढंच सांगितलं की गाडीत बिघाड होता, तो दूर झाला, मखरे पुन्हा गाडीवर रुजू होत आहेत. कुणी काही विचारलं नाही. दोन वर्षांनी मी निवृत्त झाले, हार घेतला, शाल घेतली, याच हॉलमध्ये माझ्यावर छान छान भाषणं झाली. ज्ञानदेवराव मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

ते रुजू झाले त्याच संध्याकाळी निरवांगीला गेले. आधी तात्यांना जिथे अग्नी दिला तिथे जाऊन बसले, मग घरी जाऊन नातीला मांडीवर घेतलं. हे मला अक्काबाईंनी काल सांगितलं. नात, दिशा, त्यांना बघून रडली, म्हणे. तिनं त्यांना कधी बघितलंच नव्हतं.

परवा मी साखरबाईंकडे गेले होते. त्यांच्या घरचे चार वर्षं ज्ञानदेवरावांच्या गाडीत पाय ठेवत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. मी त्यांना सगळं सांगितलं, नळी कुणी दिली तेही. त्यांनी ऐकून घेतलं. रागावतील, रडतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "त्या ड्रायव्हरचं मला म्हाईत व्हतं. पळताना त्याची चप्पल डांबरात रुतून तुटली, तर त्यानं दुसरी बी फेकून दिली आन तसाच पळाला. मी गाडीतनं बघत व्हते. घरच्यांस्नी सांगितलं, पर बाळंतिणीचं कोण ऐकतंय?" मग म्हणाल्या, "तुमचं मात्र मला म्हाईत नव्हतं." मला दारापर्यंत पोचवायला त्या आल्या नाहीत, आणि ते योग्य होतं.

अध्यक्षमहोदय, एक विनंती आहे. एकवीस एप्रिल चौऱ्याण्णवच्या बैठकीचं इतिवृत्त काढून, ज्या ठरावावर माझी पहिली सही आहे तो रद्द करावा आणि का रद्द केला ते तिथेच लिहावं. ज्ञानदेवरावांच्या सेवापुस्तिकेत सात महिने "पहारेकरी" अशी नोंद आहे. ती दुरुस्त झाल्याखेरीज आज त्यांना दिलेली शाल अपुरी आहे. सचिवांनी मान हलवली आहे. हे सर्वांनी बघितलं.

ज्ञानदेवराव, मी हे बोलणार असं तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला पुन्हा थांबवलं असतं. म्हणून सांगितलं नाही. तुमचं ऐकायचं त्या वेळी ऐकलं नाही, आणि आज ऐकायला नको होतं.

मला इथे बोलायला बोलावल्याबद्दल विश्वस्त मंडळाचे आभार. इतका वेळ शांतपणे बसून राहिल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, मान द्यायचा राहिला असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर तेवढं मोठ्या मनानं पोटात घालावं.

फक्त तेवढंच. बाकीची माफी ज्यांच्याकडे मागायची ते इथे आहेत. अंजली तिसऱ्या रांगेत बसली आहे, लेकीला घेऊन. ती आल्यापासून माझ्याशी बोललेली नाही. तिनं बोलावं असं मी म्हणणार नाही. ती आली, ते वडिलांसाठी. तेव्हा आता टाळ्या वाजवायच्या असतील तर थोडं थांबा, ज्ञानदेवरावांना उभे राहू द्या, आणि मग वाजवा. मी खाली जाऊन बसते.